भाऊबंदकीची भाषा: विश्व न्याय मंदिरास खुले पत्र

प्रति,
विश्व न्याय मंदिराचे सन्माननीय सदस्य,
बहाई जागतिक केंद्र, हायफा

स.न.वि.वि.

मी बहाई नाही आणि बहाईंचा विरोधकही नाही. धर्मांच्या इतिहासाची आवड असलेला पुण्यातला एक वाचक आहे. आपले ग्रंथ बऱ्याच काळापासून वाचतो आहे, त्यातले पुष्कळ आवडले आहे. बहाई धर्माची सर्वोच्च संस्था म्हणून आपल्याला लिहितो, आणि माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. आपल्या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह आणि त्यांचे वारस, म्हणजे मुलगा अब्दुल-बहा व पणतू शोगी एफेंदी, यांनी विरोधकांना ज्या भाषेत संबोधले ती भाषा, आणि तिचे आज आपल्या हातून जे चालले आहे ते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे या पत्राचा भलता उपयोग कोणी करणार नाही. इराणात बहाईंचे जे झाले त्याला क्षमा नाही. १८५० मध्ये तब्रीझला बहाउल्लाहांच्या आधीचे धर्मप्रवर्तक ‘बाब’ यांना गोळ्या घातल्या, आणि १९८३ च्या जूनमध्ये शिराझला दहा बायकांना फासावर चढवले. त्यांतली सर्वांत धाकटी सतरा वर्षांची होती. आजही तिथल्या बहाई मुलांना विद्यापीठाचे दार बंद आहे. माझी टीका त्या छळाच्या समर्थनाला कोणी जोडू नये. उलट माझे म्हणणे तिथूनच सुरू होते. तिथले मुल्ला आणि तिथले सरकार आपल्याला ‘वाट चुकलेला पंथ’ म्हणतात. हे नाव प्रवचनात असते, सरकारी कागदातही असते. एकदा माणसाला असे नाव चिकटवले की त्याच्या दुकानाला कुलूप लावणाऱ्याला वेगळे कारण शोधावे लागत नाही. हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणूनच आपल्या ग्रंथांत अशी नावे पानोपानी भेटतात तेव्हा वाचणारा थबकतो.

‘लांडग्याच्या मुलास पत्र’ या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ घ्या. बहाउल्लाहांनी देहान्ताच्या सुमारे वर्षभर आधी, १८९१ च्या आसपास, इस्फहानच्या शेख मुहम्मद तकींना लिहिलेले हे दीर्घ पत्र. पार्श्वभूमी भयंकर आहे. १८७९ मध्ये इस्फहानात नहरी घराण्यातल्या दोन व्यापारी भावांचा शिरच्छेद झाला. तिथल्या इमाम जुमाकडे, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रमुखाकडे, त्यांची मोठी रक्कम येणे होती. कर्ज फेडण्यापेक्षा सावकाराला पाखंडी ठरवणे स्वस्त पडले. या कामात साथ देणारे शेख मुहम्मद बाकिर हे ‘लांडगा’, इमाम जुमा ही ‘नागीण’, आणि पत्र ज्यांना लिहिले ते लांडग्याचे चिरंजीव.

या रागाला मी नावे ठेवणार नाही. ज्यांची माणसे अशी गेली त्यांनी गोड बोलावे असे सांगणारा मी कोण? पण पत्र उघडल्यावर वेगळेच दिसते. आत पुन्हा पुन्हा ‘हे शेख’ अशीच हाक आहे. बहाउल्लाह त्यांना पश्चात्तापाची एक लांब प्रार्थनासुद्धा रचून देतात. ही म्हणा, ईश्वर क्षमा करील, असा त्यामागचा भाव. ज्याच्या बापाने आपल्या माणसांचा जीव घेतला, त्याच्यासाठी क्षमायाचना लिहून द्यायला मोठे मन लागते. आत इतकी मर्यादा पाळलेली आणि ग्रंथाच्या नावात मात्र शिवी. वाचकाच्या हाती पुस्तक पडते ते शिवीसकट.

किरमानच्या करीम खानांचे प्रकरण याहून हलके आहे, पण मला ते जास्त खटकते. करीम खान शिया इस्लाममधल्या शेखी पंथाचे प्रमुख, विद्वान माणूस. रिवाजाप्रमाणे नम्रतेने स्वतःला ‘पापी दास’ म्हणवून घेत. किताब-ए-ईकान या ग्रंथात बहाउल्लाहांनी हीच नम्रता पकडली आणि तिच्यावर कुराणातली आयत बसवली. नरकातले झक्कूमचे झाड हे पाप्याचे अन्न, आणि त्या आयतीच्या शेवटी टोमणा, चाख आता, तू तर मोठा ‘करीम’, म्हणजे थोर! कोटी फर्मास आहे. पण त्याच पानांवर बहाउल्लाह हेही सांगतात की करीम खानांचे पुस्तक त्यांच्याकडे थोडेच दिवस होते आणि त्यांनी ते बहुधा दोनदा उघडले असेल. पैगंबरांचे स्वर्गारोहण कळायला वीसेक शास्त्रे यावी लागतात, हा करीम खानांचा दावा त्यांना हास्यास्पद वाटला. मलाही वाटतो. विद्येच्या त्या मिजाशीला दिलेले उत्तर वाचताना मी मनातल्या मनात टाळी दिली. मुद्दा तिथेच जिंकला होता. माणसाला नरकात पाठवायची गरज नव्हती.

तरी हे दोघे बाहेरचे. दुखण्याचे खरे ठिकाण घरात आहे. भाऊबंदकी काय चीज आहे हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. आमची पेशवाई त्यातच पोखरली गेली.

मिर्झा याह्या, म्हणजे सुबह-ए-अझल, हे बहाउल्लाहांचे सावत्र भाऊ, वयाने तेरा-चौदा वर्षांनी धाकटे. बाबांच्या नंतर पुढारपण कोणाचे, यावरून तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या हद्दपारीत फाटले. मोठ्या भावावर धाकट्याने विषप्रयोग केला असे आपले लोक सांगतात, अझली, म्हणजे धाकट्याचे अनुयायी, नेमके उलटे सांगतात. १८६८ मध्ये उस्मानी सरकारने थोरल्याला पॅलेस्टाईनमधल्या अक्का शहरी पाठवले आणि धाकट्याला सायप्रसमधल्या फामागुस्ताला. केंब्रिजचे अभ्यासक ई. जी. ब्राउन १८९० च्या वसंतात आधी फामागुस्ताला जाऊन धाकट्याला भेटले आणि नंतर अक्काजवळच्या बाहजीला जाऊन थोरल्याला. ही भांडणे, हा रक्तपात थांबला पाहिजे आणि सगळी माणसे एका कुटुंबासारखी झाली पाहिजेत, हे बहाउल्लाहांचे शब्द जगभर पोहोचले ते याच भेटीच्या वृत्तान्तातून. आपण ते अभिमानाने उद्धृत करता. पण हे शब्द ज्याला ऐकवले तो पाहुणा थोड्याच आठवड्यांपूर्वी धाकट्या भावाच्या घरी बसून आला होता. एका कुटुंबासारखे व्हायचे, तर ते नेमके कोणत्या कुटुंबासारखे?

आता अक्कामधली गोष्ट. १८७२ च्या जानेवारीत बहाउल्लाहांच्या काही अनुयायांनी तिथे तिघा अझलींना ठार मारले. आपण हे लपवलेले नाही, त्याची दाद देतो. अनेक धर्मांचे अधिकृत इतिहासकार असे पान गुपचूप फाडून टाकतात. कैदेने माझे काही बिघडत नाही, माझ्यावर प्रेम करणाऱ्यांच्या वागण्याने मात्र बिघडते, अशा अर्थाचे बहाउल्लाहांचे उद्गारही आपण जपले आहेत. पण शोगी एफेंदींनी १९४४ मध्ये लिहिलेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात, मारल्या गेलेल्यांपैकी सय्यद मुहम्मद इस्फहानीला ‘बहाई धर्माचा अँटिख्राइस्ट’, म्हणजे धर्माचा महाशत्रू, म्हटले आहे. खुनानंतर साधारण वर्षभराने सिद्ध झालेल्या किताब-ए-अकदस या बहाउल्लाहांच्या प्रमुख ग्रंथात मिर्झा याह्यांना उद्देशून म्हटले आहे की ज्याने तुला भुलवले त्याला ईश्वराने धरले. म्हणजे कोणाला, हे आपण १९९२ च्या इंग्रजी आवृत्तीत टीप देऊन सांगितले आहे: याच सय्यद मुहम्मदला. त्या टीपेत ‘अँटिख्राइस्ट’ हे विशेषण पुन्हा आहेच. मारणाऱ्यांचा निषेध एका बाजूला आणि मरणाऱ्याला देवाने धरले हा अर्थ दुसऱ्या बाजूला. श्रद्धाळू वाचकाने यांतून काय घ्यायचे?

एवढे असूनही अकदसमधला तो उतारा मला पाषाणहृदयी वाटत नाही. भावाला ‘विकृतीचे उगमस्थान’ म्हणून हाक मारणारा तोच उतारा त्याला परत ये म्हणतो, नम्र होऊन ये, तुझी पापे धुतली जातील. दार उघडे आहे. पुढच्या पिढीत हे दार लोटले गेले, असे माझे वाचन आहे.

त्या पिढीच्या भांडणाचा एक धागा आमच्या मुंबईतून जातो. बाबांच्या नात्यातले अफनान घराणे मुंबईत व्यापार करत होते, त्यांचा छापखानाही होता. बहाई ग्रंथ पहिल्यांदा छापून निघाले ते या शहरात. १८९० च्या सुमारास बहाउल्लाहांनी या छपाईसाठी मुंबईला पाठवले ते आपल्या मुलाला, मिर्झा मुहम्मद अलींना. बापाचा शब्द छापून जगापुढे ठेवणारा हा मुलगा. मृत्युपत्रात बापाने थोरला मुलगा अब्दुल-बहा यांच्यानंतरचा मान त्यालाच दिला होता. १८९२ मध्ये बहाउल्लाह गेले आणि दोघा सावत्र भावांचे फिसकटले. मुहम्मद अलींची बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. थोरल्याविरुद्ध त्या बाजूच्या लोकांनी उस्मानी दरबारात कागाळ्या केल्या आणि १९०१ मध्ये अब्दुल-बहांवर पुन्हा अक्काच्या तटाआत राहण्याची सक्ती झाली. संताप यावा असेच हे होते.

पण तो संताप अब्दुल-बहांच्या मृत्युपत्रात गेला, आणि मृत्युपत्र धर्मग्रंथ झाले. त्या दस्तऐवजात भाऊ म्हणजे ‘फितुरीचे केंद्र’. करारभंजकांना, म्हणजे नेमून दिलेल्या वारसाविरुद्ध उभे राहणाऱ्यांना, पूर्णपणे टाळणे हे धर्माच्या सर्वांत मोठ्या तत्त्वांपैकी एक, असा दंडक त्यात आहे. इतर पत्रांमधून करारभंजकांना संसर्गजन्य रोगाची उपमा आली, क्षयरोग्याच्या जवळ निरोगी माणूस बसतो का, या थाटाची. आणि नवल असे की याच मृत्युपत्रात, थोड्याच पानांच्या अंतरावर, बहाई वाङ्मयातला सर्वांत सुंदर परिच्छेद आहे. इतर लोकांनी आणि राष्ट्रांनी तुमच्याशी बेइमानी केली तर तुम्ही इमान राखा, ते दूर गेले तर त्यांना जवळ ओढा, त्यांनी तुमच्या आयुष्यात विष कालवले तर तुम्ही त्यांच्या जिवाला गोडवा द्या. मी हा परिच्छेद अनेकदा वाचला. दरवेळी अडखळतो ते ‘इतर’ या शब्दापाशी. विष कालवणाऱ्या परक्याला गोडवा द्यायचा आणि सख्ख्याच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही.

त्याच्याही आधीचे मृत्युपत्र बहाउल्लाहांचे. त्यात ते सांगतात की जीभ चांगले बोलण्यासाठी आहे, तिला अभद्र बोलण्याने विटाळू नका. वारसा ठरवणाऱ्या कागदात हे वाक्य त्यांनी उगाच घातले नसावे. आपली मुले त्यांना पक्की ठाऊक असणार.

१९२१ मध्ये अब्दुल-बहा गेले आणि चोविसाव्या वर्षी शोगी एफेंदींच्या खांद्यावर सगळा भार आला. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या छत्तीस वर्षांत भाऊ, बहिणी, मावसभावंडे एकामागून एक बहिष्कृत होत गेली. काही वेळा कारण काय, तर करारभंजकांच्या घराण्यात लग्न केले. अखेरीस बहाउल्लाहांचे बहुतेक सर्व वंशज त्यांच्याच धर्माच्या उंबऱ्याबाहेर गेले. १९५२ च्या एप्रिलमध्ये नय्यर अफनान वारले. हे शोगी एफेंदींच्या सख्ख्या बहिणीचे पती. त्या वेळी जगभरच्या बहाई राष्ट्रीय सभांना गेलेल्या तारेत ईश्वराच्या सूडाच्या कोपाने विरोधकांच्या घराण्यातले कोण कोण आधी उचलले याची यादी होती आणि आता हा एक, असा सूर होता. बहीण विधवा झाली होती. तारेत तिच्यासाठी सांत्वनाचा शब्द मला दिसला नाही.

पाचगणीला १९४५ पासून आपली न्यू एरा शाळा आहे, महाराष्ट्रात तिचा लौकिक आहे. तिथून प्रतापगड जवळच. पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. मेल्यावर वैर संपते, हे त्या भागातल्या पोराला पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

आपल्या बाजूने काय उत्तर येईल याची कल्पना आहे. एक, अवतारी पुरुषाला माणसाचे अंतःकरण दिसते, त्याच्या कठोर शब्दाला आपल्या फुटपट्ट्या लावू नयेत. वादासाठी मान्य करू. पण मग हा अधिकार बहाउल्लाहांपाशी थांबतो. पालक (हे शोगी एफेंदींचे पद) म्हणजे अवतार नव्हे, त्याची त्यांच्याशी बरोबरी होऊ शकत नाही, असे १९३४ मध्ये खुद्द शोगी एफेंदींनीच निक्षून लिहिले आहे. मग कोणाच्या मरणात ईश्वराचा कोप होता हे तारेने कळवण्याइतके दिव्य ज्ञान त्यांना कुठून आले? आपण तर नऊ निवडून आलेले सदस्य आहात.

दुसरे उत्तर, कठोर शब्द सगळेच संत वापरतात. खरे आहे. ‘नाठाळाचे माथी हाणू काठी’ आमच्याकडे तोंडपाठ आहे. पण तुकोबांपाशी ना पीठ होते, ना सभा, ना तार करायची सोय. त्यांच्या अभंगात ज्याला फटका बसला त्याच्याशी त्याच्या आईने बोलायचे नाही असा हुकूम कोणी काढला नाही. शिवीला अधिकारपदाची जोड मिळाली की तिचा निवाडा होतो, आणि निवाड्याला अपील लागते. ‘रोगी’ ठरवलेल्या माणसाला कुठले आले अपील?

अशा निवाड्याला आमच्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. धर्मसंस्थेला शिस्त राखण्याचा हक्क आहे, असे सांगून. पुढे जातपंचायतींचे एकेक प्रकार उघडकीस आले, बोलचाल बंद, मयताला खांदा द्यायला कोणी नाही, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आणला. आपली प्रथा त्या कायद्यात बसते असे मी म्हणत नाही. नुसता धर्म सोडून गेलेल्या माणसाला आपण वाळीत टाकत नाही, ते फक्त करारभंजक ठरवलेल्यांच्या वाट्याला येते, हा फरकही मला माहीत आहे. पण ज्याच्या वाट्याला येते त्याला हा फरक समजावून काय उपयोग?

तिसरे उत्तर वजनदार आहे. या शिस्तीमुळेच आमचा धर्म फुटला नाही, असे आपण म्हणाल. बऱ्याच अंशी खरे आहे. एवढ्या काळात इतर धर्मांच्या जितक्या शाखा झाल्या त्या मानाने आपण एकसंध राहिलात. पण चिरा पडल्याच. सिडनी आणि कंपालाच्या मंदिरांचे आराखडे काढणारे मेसन रेमी १९६० मध्ये आपणच पालक आहोत म्हणाले आणि बाहेर काढले गेले. त्यांच्या मागे गेलेल्या गटांशी ‘बहाई’ या नावावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. २०१० मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयात निकाल गेला तो आपल्या अमेरिकन सभेच्या विरुद्ध. मूठभर माणसांचे हे गट. त्यांच्याशी चहा प्यायल्याने लाखोंचा धर्म कोसळेल, ही भीती खरेच वाटते का?

आपल्या स्वतःच्या पत्रांची भाषा आधीच्यांपेक्षा पुष्कळ संयत आहे, हे आवर्जून नोंदवतो. लांडगे, नागिणी त्यात नसतात. पण १९९९ च्या एप्रिलमध्ये धर्माच्या अभ्यासाविषयी निघालेल्या पत्रांत, टीका करणाऱ्या काही अभ्यासकांच्या लेखनाकडे आतून चाललेली विरोधाची मोहीम म्हणून पाहिले गेले. शब्द मवाळ, नजर तीच. प्रश्न विचारणारा आणि कट करणारा यांच्यातले अंतर हायफाहून दिसत नसेल, तर ती अडचण प्रश्न विचारणाऱ्याची नाही.

धर्मग्रंथातला शब्द बदला, असे मी सुचवणार नाही. ज्याने जे लिहिले ते राहू दे. पण अकदसला जवळजवळ दोनशे टीपा जोडता येतात, तर त्यांत एवढे जोडणे अवघड नाही की ही विशेषणे एकोणिसाव्या शतकातल्या इराणी वादाच्या रिवाजातली आहेत, आणि ज्यांना ती लावली त्यांचे म्हणणे असे असे होते. मिर्झा याह्यांचे आणि मुहम्मद अलींचे लेखन, त्यांची पत्रे, जे काही आपल्या संग्रहात असेल ते अभ्यासकांना खुले करावे, त्यांत बहाई नसलेलेही आले. मुंबईत छापलेल्या त्या पहिल्या ग्रंथांबद्दल आपण लिहाल तेव्हा छपाईवर देखरेख करणाऱ्याचे नाव विशेषण न लावता घालावे. एखाद्याचा मृत्यू हा ईश्वराचा सूड होता, हे आज बहाई धर्माचे मत आहे की नाही ते एका ओळीत सांगावे.

आणि एक व्यवहाराचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर भारतातल्या बहाई कुटुंबांनाही उपयोगी पडेल. समजा एका घरातल्या मुलाला आपण करारभंजक ठरवले आणि आई आपल्या समाजात राहिली. तो मुलगा दिवाळीला घरी आला, तर तिने त्याला ताट वाढायचे की नाही? वाढले, तर स्थानिक सभेने तिला काय विचारायचे? उत्तर इथल्या राष्ट्रीय सभेमार्फत मराठीतून आले तर जास्त बरे.

कळावे,
आपला,
पुण्यातील एक वाचक